एक डोळा मिटून

या सदरातले अनुभव मी गेली काही वर्षं वाचतोय, ते खरं सांगायचं तर चुका काढायला. कुणाच्या गाडीसमोर घाटात बाई उभी राहिली की मी मनातल्या मनात विचारतो — झोप किती झाली होती? चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? माझा धंदाच तो आहे. रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. अपघात झाला, किंवा होता होता राहिला, की त्याचं कारण शोधून काढायचं हे माझं काम. 'नशीब', 'वेळच खराब होती' असले शब्द मी कुणाला रिपोर्टात लिहू देत नाही, आणि त्यावरून माझ्या मागे भरपूर टिंगल होते हेही मला माहीत आहे. भूत, करणी, बाहेरचं... यातल्या कशावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजसुद्धा 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. पण गेल्या वर्षी जानेवारीत जे घडलं त्याचं कारण मला सापडलेलं नाही, म्हणून इथे मांडतोय. तुम्ही खुशाल चुका काढा. सापडली तर मला हवीच आहे.

आधी घरातली माणसं सांगतो. मी, बायको सुजाता आणि मुलगी मुक्ता. राहायला कर्जतला. मुक्ता तेव्हा बारावीत होती आणि तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं, तेही थेट बडोद्याला. हा किडा तिला माझ्याकडूनच लागला. मी रविवारचा चित्रकार. माझी निसर्गचित्रं दिवाळीला नातेवाइकांना भेट जातात आणि तिथून त्यांच्या माळ्यावर. मुक्ताचं तसं नाही. तिचा हात खरा आहे. तिची रेघ बघितली की मला अभिमान वाटायचा आणि लगेच धास्तीही, कारण त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला बडोदा होतं. एकुलती एक पोर लांब जाणार याचं मला वाईट वाटत होतं, सरळ सांगतो. ठाण्याला नाही का चालणार, पनवेलला काय वाईट आहे, असं मी अधूनमधून सुचवून बघायचो. ती नुसती हसायची.

प्रवेशासाठी प्रत्यक्ष बघून काढलेली चित्रं लागणार होती, त्यात माणसंही. म्हणून त्या हिवाळ्यात आम्ही दोघं दर रविवारी बाहेर पडायचो.

आता थोडं आमच्या पद्धतीबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. समोरचं माणूस काढताना त्याचं प्रमाण कसं घेतात हे तुम्ही पाहिलं असेल. हात ताठ पुढे करायचा, मुठीत पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा. पेन्सिलीचं टोक माणसाच्या डोक्यावर आलं की अंगठा सरकवून पायाशी न्यायचा. टोकापासून अंगठ्यापर्यंत जेवढी पेन्सिल, तेवढं माणूस. मग तीच लांबी झाडावर, दगडावर लावून बघायची — माणूस झाडाच्या निम्मं आहे की पाव. एक डोळा मिटायचाच. दोन्ही उघडे ठेवले तर पेन्सिल एकाची दोन दिसते आणि माप लागत नाही. मी डावा मिटतो, मुक्ता उजवा.

आमच्या घरची एक रीतही होती. कुठेही गेलो की पहिलं चित्र एकमेकांचं काढायचं. समोरासमोर बसून, हात मोकळा करायला. ती सहा-सात वर्षांची असल्यापासून हे चालू आहे. आणि मी तिला एक नियम घालून दिला होता, जो मला माझ्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी दिला होता. कागद आणि समोरचं जुळलं नाही तर कागद चुकला. समोरचं कधी चुकत नाही. खोड आणि पुन्हा काढ.

जागा सांगतो. कर्जतहून चौककडे जाताना आतल्या बाजूला जी धरणं आहेत त्यातलं एक. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे ट्रायपॉड घेऊन झुंबड उडायची. धरणाच्या पाण्यात एक बेट आहे. बेट म्हणजे बुडालेल्या टेकडीचं डोकं, दुसरं काही नाही. वर करवंदीच्या जाळ्या, पिवळं गवत, काळे दगड आणि बकऱ्यांच्या लेंड्या. एका बाजूने पाणी आत घुसलं आहे, कुणी भाकरीचा घास मोडून घ्यावा तसं. त्यामुळे बेटाला दोन टोकं झाली आहेत आणि मधे पाण्याची खाडी. खाडी फार मोठी नाही. या टोकावरून दगड भिरकावला तर त्या टोकावर पडेल, साध्या आवाजात थोडं जोर लावून बोललं तर ऐकू जाईल, एवढीच. पण या टोकावरून त्या टोकावर जायचं तर वर चढून, जाळ्यांना वळसा घालून जावं लागतं. मागे माथेरानच्या डोंगराची सपाट कड. चित्राला याहून काय पाहिजे?

होडी हिराजीची. हिराजी पलीकडच्या गावातला, माझ्याच वयाचा, मासेमारी करतो आणि बोलायला लागला की थांबत नाही. बेटावर काय आहे असं मुक्ताने सहज विचारलं तर म्हणाला, "काय नाय गं पोरी तिथं. उन्हाळ्यात बकऱ्या सोडतो आमी, त्या पन कंटाळतात." आम्हाला उतरवून तो जाळी बघायला गेला. फोन केला की येतो म्हणाला. फोनला रेंज होती, दोन पाण्याच्या बाटल्या होत्या, टोप्या होत्या. हे सगळं मी तपासलं होतं. सवय आहे.

मुक्ताने पलीकडचं टोक निवडलं. तिकडे एक वाळलेलं ऐनाचं खोड उभं होतं, फांद्या गळून नुसता सोटा राहिलेलं, आणि त्याच्या बुंध्याशी बसायला सपाट दगड. ती तिथे बसली. मी इकडच्या टोकाला माझं घडीचं निळं स्टूल मांडलं. मधे खाडीचं पाणी. ऊन छान पसरलं होतं, वारा नव्हता. पलीकडच्या गावात कुणाची तरी हळद असावी, कारण लाउडस्पीकरवर गाणी चालू होती आणि मधेच एक बाई माइकवर कुणाला तरी नारळ घेऊन बोलावत होती. हे मुद्दाम लिहितोय. अशा अनुभवांत नेहमी एकदम शांतता पसरते, गारवा येतो, पक्षी गप्प होतात. तसलं काही झालं नाही. पाणकावळे पंख वाळवत होते आणि त्या बाईला नारळ काही मिळत नव्हता.

मी हात लांब केला, डावा डोळा मिटला, माप घेतलं. बसलेली मुक्ता खोडाच्या बरोबर निम्मी. तिचं डोकं खोडाला जिथे एक गाठ होती तिथे येत होतं. कागदावर खोड घातलं, दगड घातला, गाठीच्या खाली मुक्ता घातली. तीही हात लांब करून मला मोजत होती. मग तिने मान खाली घातली आणि आम्ही दोघं कामाला लागलो.

थोड्या वेळाने खांदे काढायला वर बघितलं तर डोकं गाठीच्या खाली होतं. बरंच खाली. वाकून बसली असेल. मी ओरडलो, "मुक्ता, पाठ सरळ कर." तिने मान न उचलता हात हलवला. मी पुन्हा माप घेतलं. पाठ सरळच होती... आणि ती खोडाच्या निम्मी नव्हती. तिसरा हिस्सा जेमतेम भरत होती.

इथे कोणीही दुसरा माणूस पेन्सिल खाली ठेवून नीट बघेल. मी खोडरबर काढला. कागद चुकला, समोरचं चुकत नाही. पहिलं माप घाईत घेतलं असणार म्हणून स्वतःवरच चिडलो, पहिली मुक्ता खोडली आणि तिच्या जागी लहान मुक्ता घातली. चित्र काढताना माणूस माणसाकडे बघतच नाही, हे तुम्हाला विचित्र वाटेल. तो लांबी बघतो, उतार बघतो, अंधार-उजेड बघतो. माझी मुलगी समोर बसली होती आणि मी एका डोळ्याने तिची लांबी बघत होतो.

दुसऱ्यांदा खोडलं तेव्हा मात्र मला अस्वस्थ वाटायला लागलं. आता ती खोडाच्या पावाएवढी होती. बरं, ती उठून लांब गेली असती तर लहान दिसली असती, समजू शकतो. पण ती त्याच दगडावर होती. दगड तेवढाच, खोड तेवढंच. मी दोन्ही पुन्हा मोजले, सुईच्या टोकाएवढाही फरक नाही. फक्त मुक्ता. बसल्या जागी, तेच निळसर जॅकेट, तीच वेणी, पण सगळं त्या मानाने बारीक. मी हाक मारली, "काय गं, झालं का?"

उत्तर आलं. "थांब ना, चुकतंय माझं."

शब्द कळले, पण आवाज खाडीच्या त्या टोकावरून आला नाही. तो धरणाच्या पार पलीकडच्या काठावरून यावा तसा आला, पातळ, आणि तिचे ओठ हलून झाल्यावर. हळदीच्या गाण्यापेक्षाही लांबून. माझ्या मानेवर घाम आला. तरीही मी काय करावं? मी पुन्हा रबर उचलला.

त्या लहान मुक्ताच्या आत आणखी लहान मुक्ता घालायला मी डोळे बारीक केले. चित्रकार तसं करतात, बारीकसारीक सगळं पुसलं जाऊन फक्त मोठे काळे-पांढरे तुकडे राहावेत म्हणून. तुकडे राहिले. खोडाचा काळा, दगडाचा करडा, पाण्याचा पांढरा. मुक्ताचा तुकडा नव्हता. डोळे पूर्ण उघडले तर होती, दगडावर कुणी बाहुली विसरून जावी तेवढी. आणि ती मान खाली घालून अजून काढत होती.

कारखान्यात गॅसच्या मीटरने एकदा हे, एकदा ते असं दाखवायला सुरुवात केली तर मीटर बिघडलाय की गॅस सुटलाय यावर आम्ही वाद घालत नाही. आधी माणसं बाहेर काढतो. वाद नंतर. हे मी नव्या पोरांना दर महिन्याला घसा फोडून शिकवतो, आणि त्या दिवशी माझीच पोर समोर असताना मी मीटर दुरुस्त करत बसलो होतो. हे मनात आलं आणि मी मांडीवरचा चित्राचा बोर्ड टाकून उठलो.

खाडीतून सरळ पोहत जावं असं क्षणभर वाटलं, पण गाळ किती आहे माहीत नव्हतं. वर चढलो, जाळ्यांना वळसा घालून धावलो. त्या जाळ्यांमागे ती थोडा वेळ दिसेनाशी झाली. तेवढ्या वेळात मी काय काय बोललो असेन ते लिहीत नाही. ज्या देवांची मी टिंगल करतो ते सगळे आठवले एवढंच सांगतो. करवंदीने पोटऱ्या सोलून निघाल्या हे मला घरी गेल्यावर कळलं.

उतरलो ते तिच्या मागच्या बाजूने. आणि पाठ दिसली — नेहमीएवढी. जॅकेटची खांद्याजवळ उसवलेली शिवण दिसली, वेणीचं रबरबँड दिसलं. माझी पूर्ण मुलगी. मी हाक मारणार एवढ्यात ती बोलली. मान खालीच होती, पेन्सिल कागदावर चालू होती, आणि आवाज अगदी हळू, पुढ्यात बसलेल्या माणसाशी बोलावं तसा.

"बाबा, आता पुरे ना. अजून पुढे नको येऊस. तू कागदात मावत नाहीयेस."

तिच्या पुढ्यात फक्त पाणी होतं.

"मुक्ता," मी म्हटलं.

पेन्सिल थांबली. ती वळली नाही. तिचे खांदे वर आले आणि तसेच राहिले.

"बाबा, तू मागे आहेस?"

"हो."

"मग माझ्यासमोर कोण बसलंय?"

मी समोर बघितलं. कुणीही शपथ घालावी, मला पाण्यावर काही दिसलं नाही. पलीकडच्या टोकावर माझं निळं स्टूल होतं, रिकामं, शेजारी पिशवी आणि पडलेला बोर्ड. खरं तर मी म्हणायला हवं होतं की बघ, कोणी नाही. पण माझ्या तोंडून निघालं ते असं, "वर बघू नकोस. हात दे, आणि तशीच मागे ये." मला काही दिसत नसताना मी तिला बघू नकोस का म्हणालो, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

तिने मागे हात केला. तो बर्फासारखा गार वगैरे नव्हता, घामाने चिकट झाला होता. पेन्सिल तिच्या मांडीवरून घरंगळून पाण्यात गेली. बोर्ड मात्र तिने छातीशी धरून ठेवला. आम्ही दोघं उलट्या पावलांनी चढ चढलो आणि होडी लागते त्या बाजूला येऊन बसलो. मी हिराजीला फोन लावला. तो येईपर्यंत मुक्ता माझं मनगट दोन्ही हातांनी धरून होती. तिने एकच विचारलं, "तू उठलास कधी?" मी म्हटलं, आत्ता.

हिराजी आला. आमचे चेहरे बघून त्याला वाटलं साप निघाला. मी होच म्हटलं. सामान आणायला मी काही जाणार नव्हतो, तेव्हा तोच बडबडत गेला. परत आला तो माझी पिशवी, बोर्ड आणि स्टूल घेऊन, आणि मला हसायला लागला.

"सायेब, तुमी काय पान्यात बसून काढता का? पिशवी तिकडं, आनि स्टूल पोरीच्या दगडापुढं. गाळात रुतलं व्हतं, वढून काढलं."

स्टुलाचे पाय बैठकीपर्यंत चिखलाने भरले होते. बैठकीचं कापड कोरडं होतं. मी ते स्टूल पलीकडच्या काठावर रिकामं बघितलं होतं, तिच्या मागे उभा असताना, या दोन डोळ्यांनी. होडीत मुक्ता त्या स्टुलाकडे पाठ करून बसली. उतरल्यावर मी ते काठावरच विसरलो, म्हणजे विसरल्यासारखं केलं.

दुपारी घरी जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सुजाता होती. माझा कागद तुम्हाला आता माहीत आहे — खोड, दगड, आणि एकीच्या आत एक अर्धवट पुसलेल्या मुक्ता, लहान लहान होत गेलेल्या. रबराने कागद तिथे पार विटला होता.

मुक्ताच्या कागदावर मी होतो. तीही खोडत आणि पुन्हा काढत बसली होती. पण तिचा पहिला मी लहान होता, दूर, काठावर. दुसरा त्याहून मोठा. तिसरा आणखी. बसलेलाच, प्रत्येक वेळी त्याच बैठकीत, हात ताठ पुढे करून पेन्सिल धरलेला, आणि दुसऱ्यापासून पुढे त्याच्या खाली काठ नव्हता, पाण्याच्या आडव्या रेघा होत्या. शेवटच्याचे गुडघे कागदाच्या खालच्या कडेला टेकले होते. पुढे केलेला हात इतका मोठा झाला होता की पेन्सिल कागदाबाहेर गेली होती. म्हणजे माप घेताना जसा हात लांब करतात तसाच तो हात, फक्त आता तो तिच्या तोंडापर्यंत पोचला असता.

मी विचारलं, अगं मग तू उठली का नाहीस, ओरडली का नाहीस. ती म्हणाली, "मला वाटलं माझंच माप चुकतंय. कागद चुकतो, समोरचं नाही. तूच सांगितलंयस ना." सुजाता उठून तिच्यामागे उभी राहिली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

पाठ सरळ कर, असं मी ओरडलो होतो ते तिने ऐकलं होतं. पण तिच्या म्हणण्याप्रमाणे मी ओरडलो नव्हतो. हळू म्हणालो होतो, कानाशी.

शेवटच्या आकृतीला तिने चेहरा काढलेला नव्हता. नाक नाही, मिशी नाही, चष्मा नाही. फक्त डोळे होते, दोन.

"तेच मला विचित्र वाटत होतं," मुक्ता म्हणाली. "तू दोन्ही डोळे उघडे ठेवून मोजत होतास. तू असं कधीच करत नाहीस."

यानंतर मी जे करतो ते केलं. चौकशी केली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोघं जाऊन आलो, माझा जवळचा नंबर थोडा वाढला आहे, तिचे उत्तम आहेत. थंडीत गार पाण्यावर उजेड वाकतो आणि लांबच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात, हे वाचून काढलं. पण तसं झालं तर सगळंच ताणलं जातं, खोड सोडून फक्त मुलगी नाही. आणि उजेड स्टूल उचलून नेत नाही. बेटावर तिसरं कुणी दडलं असेल का? जाळ्यांत बकरी लपेल, माणूस नाही. हिराजीला पुन्हा भेटलो. आडून आडून विचारलं, तिथे पूर्वी कुणी बुडालं, कुणी मेलं, काही देवस्थान वगैरे? तो म्हणाला, "कोन मेलं नाय, कोन बुडलं नाय, सायेब. तुमाला पायजेच असंल तर बनवून सांगतो एखादी गोष्ट." तेव्हा प्रतिक्रियांमध्ये कुणी 'त्या जागेचा इतिहास काय' असं विचारणार असेल तर उत्तर आधीच देतो. इतिहास नाही. असता तर मला बरं वाटलं असतं.

सुजाताचं म्हणणं वेगळं. ती म्हणाली, पोरगी लांब जाणार या धास्तीने तू महिनाभर झोपत नव्हतास, म्हणून तुला ती लहान होताना दिसली. यात तथ्य असेल, मी नाही म्हणत नाही. मी तिला उलट एवढंच विचारलं की मग पोरीला मी जवळ येताना का दिसलो. सुजाताने दोन्ही कागद उचलले, पालथे केले आणि कपाटाच्या वर टाकले. ते अजून तिथेच आहेत.

माझ्या रिपोर्टात शेवटी 'मूळ कारण' असा एक रकाना असतो. इतक्या वर्षांत मी तो एकदाही रिकामा सोडलेला नाही. हा एक सोडतोय.

मुक्ताला प्रवेश मिळाला. मी आडवा आलो नाही. त्या दिवसानंतर तिला डोळ्यांसमोरून हलू देऊ नये असंच वाटत होतं, पण डोळ्यांसमोर ठेवूनही काय झालं ते मी बघितलं होतं. आता ती बडोद्याला असते. तिथे रोज माणसं समोर बसवून काढतात. ती पेन्सिलीने माप घेत नाही, नुसत्या नजरेने काढते, आणि त्यावरून सरांची बोलणी खाते. कारण सांगत नाही.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. फोनच्या पडद्यावर बोटाएवढी दिसते, पण आवाज जवळून येतो. माझा चेहरा दिसला की आधी काही बोलत नाही, वाट बघते. मी डावा डोळा मिटून दाखवतो. मग ती श्वास सोडते आणि विचारते, बाबा, जेवलास का?